पहिला रोल धुताना

कृष्णधवल फिल्म घरी डेव्हलप करायला वेगळी डार्करूम लागत नाही. फिल्म टाकीत भरेपर्यंतच मिट्ट काळोख हवा. पुढचे सगळे उजेडात होते.

● भरणे : फिल्मला लाल दिवाही चालत नाही, तो प्रिंटच्या कागदासाठी. वाया गेलेला रोल घेऊन डोळे मिटून स्पूलवर चढवण्याचा सराव करा. स्पूल कोरडा ठणठणीत हवा, नाहीतर फिल्म मध्येच अडकते.

● डेव्हलपर : तापमान २० अंश सेल्सिअस. ४०० आयएसओवर वापरलेल्या इल्फर्ड एचपी५ प्लसला आयडी-११ च्या मूळ द्रावणात साडेसात मिनिटे. दर मिनिटाला १० सेकंद टाकी उलटसुलट करा, मग ओट्यावर हलकेच आपटा म्हणजे बुडबुडे सुटतात. उन्हाळ्यात बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवून द्रावण थंड करा.

● स्टॉप बाथ : १० सेकंद पुरेत.

● फिक्सर : आधी फिल्मचा तुकडा बुडवून बघा. दुधाळपणा जाऊन तो पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल, त्याच्या किमान दुप्पट वेळ रोलला द्या.

● धुणे : टाकीत स्वच्छ पाणी भरून ५ वेळा उलटसुलट करा, पाणी बदलून १० वेळा, पुन्हा बदलून २० वेळा.

● वाळवणे : बंद न्हाणीघरात, खालच्या टोकाला चिमटा लावून.

हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि प्रत्येक रोलची वेळ व तापमान वहीत टिपा. ती वहीच तुमचा खरा गुरू.