अब्बांची गाडी आणि क्रांती चौकातला सिग्नल

मरहूम अब्बांची मारुती 800 दीड वर्ष दारात ताडपत्रीखाली उभी होती. विकायला अम्मीचे मन होत नव्हते आणि चालवायला आम्हाला वेळ नव्हता. अम्मीच्या डोळ्यांच्या तपासणीच्या दिवशी आम्ही ठरवले, आज अब्बांच्याच गाडीतून जायचे. सेल्फ लागेना, म्हणून गल्लीतल्या मुलांनी धक्का मारला. गाडी सुरू झाली, तेव्हा अम्मीचे डोळे भरून आले.

पण क्रांती चौकात सिग्नलला गाडी बंद पडली. सेल्फ मारून मारून बॅटरीत उरलासुरला जीवही आम्ही घालवला. मागे हॉर्नचा गोंगाट, आत घामाघूम झालेली अम्मी. शेवटी दोघा रिक्षावाल्यांनी गाडी कडेला लावली आणि अम्मी त्यांच्याच रिक्षाने दवाखान्यात गेली.

मिस्त्रींनी पेट्रोलचा फिल्टर काढला, तर त्यातून तांबूस गाळ निघाला. अर्ध्या रिकाम्या टाकीला आतून गंज चढला होता. ते म्हणाले, "भाई, गाडी सुरू झाली म्हणजे ती रस्त्यावर न्यायची झाली, असं नसतं."

1983 साली आलेली ही गाडी 2014 मध्ये बनायची थांबली, तरी अजून अनेक घरांत आहे. तुमच्याकडेही अशी जुनी गाडी उभी असेल, तर किल्ली फिरवण्याआधी बॉनेट उघडा. उंदरांनी वायर कुरतडली आहे का, ते पाहा. ऑइल आणि कूलंट तपासा.

सेल्फ नुसता टकटक करत असेल, तर दोष बहुधा बॅटरीत किंवा तिच्या जोडणीत असतो. भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. 12 च्या खाली गेली असेल तर ती आधी चार्ज करून घ्या. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी साफ करा.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, अशा वेळी दोनच प्रश्न विचारा: प्लगला करंट येतो का? पेट्रोल पोहोचते का? जुने पेट्रोल उग्र वास मारते आणि त्याचा चिकट थर कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजवतो. आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल हवेतला ओलावाही ओढते. म्हणून जुने पेट्रोल काढून टाका आणि फिल्टर बदला. हे काम मिस्त्रींकडूनच करून घ्या.

सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदच मारा, मग अर्धा मिनिट थांबा. चोक ओढून सारखा प्रयत्न केला तर प्लग ओले होतात. बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीच चालू ठेवू नका. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, पण तो जीव घेतो.

गाडी सुरू झाली तरी आधी ब्रेक आणि टायर तपासा. विमा, पीयूसी आणि 15 वर्षांनंतरचे नोंदणीचे नूतनीकरणही पाहा.

आम्ही हे सगळे केले. आता दर जुम्याला नमाजनंतर गाडी अर्धा तास फिरवतो. डोळ्यांच्या पुढच्या तपासणीला अम्मी त्याच गाडीतून गेली. क्रांती चौकात सिग्नल लाल होताच तिने आमच्याकडे पाहिले. इंजिन चालूच होते. "चला," ती म्हणाली, "तुमच्या अब्बांची गाडी शहाणी झाली."