परिसरात घरे किती, त्यावर घराचे मूल्य

घराचा सौदा ठरतो. विक्रेता आणि खरेदीदार किमतीवर सहमत होतात, इसाराची रक्कम दिली जाते आणि गृहकर्जाचा अर्ज बँकेत दाखल होतो. त्यानंतर बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजेच मूल्यांकनकार, घर पाहून जातो आणि त्याच्या अहवालातील आकडा ठरलेल्या किमतीपेक्षा कमी निघतो. घरात कोणताही दोष नसताना असे का घडते, हा प्रश्न अनेक कुटुंबांना पडतो. त्याचे उत्तर बहुधा घराच्या चार भिंतींत नसते. त्या परिसरात तशीच किती घरे विक्रीला आहेत आणि ती प्रत्यक्षात कोणत्या दराने विकली गेली, यात ते दडलेले असते.

हा फरक खरेदीदाराच्या खिशाला थेट भिडतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१५ मधील नियमांनुसार ३० लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जासाठी घराच्या मूल्याच्या कमाल ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी ८० टक्के आणि त्यावरील कर्जासाठी ७५ टक्के रक्कम देता येते. करारातील किंमत आणि मूल्यांकन यांपैकी कमी असलेला आकडा बँका सर्वसाधारणपणे आधाराला घेतात. उदाहरणार्थ, ८० लाखांना ठरलेल्या घराचे मूल्यांकन ७२ लाख आले, तर ८० टक्क्यांच्या हिशेबाने कर्ज ६४ लाखांऐवजी ५७ लाख ६० हजारांवर थांबते. खरेदीदाराला स्वतःजवळचे १६ लाख नव्हे, तर २२ लाख ४० हजार रुपये उभे करावे लागतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्याहून वेगळा असतो.

तुलना कशाशी होते?

मूल्यांकनाच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. पहिली तुलनेची, दुसरी भाड्याच्या उत्पन्नावर आधारलेली आणि तिसरी जमीन व बांधकामाच्या खर्चावर आधारलेली. राहत्या सदनिकांसाठी मुख्यतः पहिली पद्धत वापरली जाते. त्याच परिसरात नजीकच्या काळात विकल्या गेलेल्या सारख्या सदनिकांचे दर घेऊन चटई क्षेत्र, मजला, इमारतीचे वय, वाहनतळ आदी बाबींनुसार त्यांत कमीअधिक केले जाते.

या पद्धतीत पुरवठ्याचा परिणाम दोन प्रकारे दिसतो. एकाच परिसरात अनेक संकुले एकाच वेळी पूर्ण झाली, तर विक्रेत्यांत स्पर्धा लागते. जुनी सदनिका विकणाऱ्या मालकाला शेजारच्या विकासकाशी सामना करावा लागतो. विकासक सहसा जाहीर दर कमी करीत नाहीत, कारण त्यामुळे संपूर्ण प्रकल्पाचेच मूल्य उतरते. त्याऐवजी वाहनतळ मोफत दिला जातो, स्वयंपाकघराची सजावट करून दिली जाते किंवा मुद्रांक शुल्क विकासक भरतो. कागदावरील किंमत तशीच राहते, प्रत्यक्ष किंमत मात्र घटलेली असते. सावध मूल्यांकनकार अशा सवलती वजा करूनच तुलना करतो.

याउलट जेथे घरे क्वचितच विक्रीला येतात, तेथे तुलनेसाठी व्यवहारच सापडत नाहीत. मग जुन्या व्यवहारांचा आधार घ्यावा लागतो. किमती चढत असताना असे मूल्यांकन बाजाराच्या मागे राहते. म्हणजेच पुरवठा अती झाला तरी आणि अत्यल्प राहिला तरी, मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी येऊ शकते. कारणे मात्र परस्परविरुद्ध असतात.

टंचाई आणि रिकामी घरे

देशात घरांची टंचाई असल्याने किमती उतरणारच नाहीत, हा समज म्हणूनच फसवा ठरतो. २०११ च्या जनगणनेत शहरी भागांत सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. त्यानंतर वर्षभरातच केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने शहरांतील घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख असल्याचा अंदाज मांडला. या तुटीचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांतील कुटुंबांचा होता. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात, कारण रिकामी घरे आणि गरजू कुटुंबे एकाच ठिकाणी व एकाच किंमतगटात नसतात. घराची जागा बदलता येत नाही. म्हणून त्याचा बाजार देशाचा नसतो, परिसराचा असतो.

मुंबई : मूल्य जमिनीत

पुरवठा आखडला की काय होते, याचे ठळक उदाहरण मुंबई आहे. तीन बाजूंनी पाण्याने वेढलेल्या या शहरात १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने मूळ चटई क्षेत्र निर्देशांक शहर भागात १.३३ आणि उपनगरांत १ इतका ठेवला. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मोठ्या जमिनी वादात अडकल्या. केंद्राने तो कायदा १९९९ मध्ये रद्द केला, महाराष्ट्राने २००७ मध्ये. भाडेनियंत्रणामुळे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत मालकांना रस उरला नाही. अशा ठिकाणी इमारत जीर्ण होत असताना तिच्याखालील जमिनीचे मोल वाढत जाते. जुन्या इमारतीतील सदनिकेची किंमत भिंतींपेक्षा पुनर्विकासाच्या शक्यतेवर अधिक अवलंबून असते, ती यामुळेच.

नोएडा : घरे कागदावर

दिल्लीच्या सीमेवरील नोएडा आणि ग्रेटर नोएडा येथे चित्र उलटे होते. तेथे जमीन प्राधिकरणांकडून विकासकांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने, हप्त्यांवर मिळत असे. परिणामी अल्पावधीत अनेक प्रकल्प एकाच वेळी सुरू झाले. विक्रीसाठी घरे विपुल होती, पण ताबा मिळालेली घरे त्या मानाने थोडी. आम्रपाली समूहाचे प्रकल्प रखडल्यानंतर जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची नोंदणी रद्द करून उर्वरित बांधकाम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे सोपविले. रखडलेल्या प्रकल्पांसाठी केंद्राने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘स्वामी’ निधीची घोषणा केली.

येथे मूल्यांकनापुढे वेगळाच पेच उभा राहिला. विकासकांकडे प्राधिकरणाची थकबाकी असल्याने अनेक इमारतींत लोक राहावयास गेले, तरी विक्रीखताची नोंदणी होऊ शकली नाही. नोंदणी नाही म्हणजे तुलनेसाठी विश्वासार्ह व्यवहार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने थकबाकीत सवलत देऊन नोंदणीचा मार्ग खुला करण्याचे धोरण स्वीकारले. कोविडनंतरच्या वर्षांत याच भागात किमती वेगाने चढल्या. ताबा देता येण्याजोगे घर आणि कागदावरील घर हे दोन निराळे पुरवठे आहेत, हा नोएडाचा धडा होय.

सरकारी दर वेगळा

सरकारी दर आणि बँकेचे मूल्यांकन यांतही अनेकदा गल्लत होते. महाराष्ट्रात रेडी रेकनर, दिल्ली व उत्तर प्रदेशात सर्कल रेट, गुजरातेत जंत्री, कर्नाटकात गायडन्स व्हॅल्यू अशी या दराची नावे आहेत. तो मुद्रांक शुल्कासाठी ठरविला जातो आणि बाजारातील चढउताराबरोबर लगेच बदलत नाही. गुजरातेत २०११ पासून स्थिर असलेली जंत्री एप्रिल २०२३ मध्ये एकदम दुप्पट करण्यात आली.

विक्रीची किंमत सरकारी दराखाली गेल्यास शुल्क सरकारी दरावरच आकारले जाते. शिवाय तफावत १० टक्क्यांहून अधिक असल्यास प्राप्तिकराचा प्रश्न उभा राहतो. न विकलेल्या घरांचा साठा हलावा म्हणून केंद्राने नोव्हेंबर २०२० ते जून २०२१ या काळात दोन कोटी रुपयांपर्यंतच्या नव्या घरांच्या पहिल्या विक्रीसाठी ही मर्यादा २० टक्के केली होती. पुरवठा अती झाला की सरकारी दर आणि बाजार यांत किती अंतर पडते, याची ती एक प्रकारे कबुलीच होती.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा ‘रेसिडेक्स’ हा निर्देशांक ५० शहरांतील घरांच्या किमतींचा कल दाखवितो. त्यातील एक निर्देशांक बँकांनी केलेल्या मूल्यांकनांवरच आधारलेला आहे. शहराची दिशा समजण्यास तो उपयुक्त असला, तरी एखाद्या परिसराचे चित्र त्यातून कळेलच असे नाही.

त्यासाठी तीन गोष्टी तपासणे हिताचे ठरते. पहिली, २०१६ च्या रेरा कायद्यानुसार नोंदलेल्या आसपासच्या प्रकल्पांची माहिती. एकूण सदनिका किती, नोंदविल्या गेल्या किती आणि ताब्याची मुदत कोणती, हे राज्याच्या रेरा संकेतस्थळावर पाहता येते. दुसरी, त्याच इमारतीतील किंवा शेजारील नोंदणीकृत व्यवहार. महाराष्ट्रात ‘सूची क्रमांक दोन’ या दस्तात किंमत नमूद असते. तिसरी, मूल्यांकन कमी आल्यास काय करावयाचे, याची अट. कर्ज अपेक्षेइतके मंजूर न झाल्यास इसाराची रक्कम परत मिळेल, असे कलम करारात असल्यास कुटुंबाची जमापुंजी अडकत नाही.

कमी आलेले मूल्यांकन पाहून विक्रेता नाराज होतो आणि खरेदीदार हताश. तथापि, तो अहवाल बहुतेक वेळा एक साधी सूचना देत असतो. याच परिसरात असेच घर इतरांना याहून कमी किमतीत मिळाले आहे, किंवा या किमतीला पुष्टी देणारा व्यवहार अद्याप झालेला नाही. यांपैकी नेमके कारण कोणते, हे बँकेला विचारून घेतले, तर किंमत पुन्हा ठरवावी की सौदा सोडावा, याचा निर्णय घेणे सोपे जाते.