चोथ्याची घाई

भरडलेल्या माल्टवर ७२ अंशांचं पाणी पडलं की गॅरेजभर नाचणी सत्त्वासारखा वास सुटतो. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये घरी बिअर करताना मला तो कधीच परका वाटला नाही. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळायची. इथे तेच जवाचं करतात. मोड येताना दाण्यात तयार होणारी विकरं पिष्टाची साखर करतात. सत्त्वाची पेज पातळ राहते ती त्यांच्यामुळे, आणि बिअरही त्यांच्याच जोरावर होते.

भरड बारीक चालत नाही. दाणा आतून फुटायला हवा, टरफल मात्र शक्यतो अखंड राहायला हवं, कारण पुढे तेच गाळणीचं काम करतं. १९ लिटरच्या घाण्याला साधारण ५ किलो माल्ट लागतं. पाण्यात मिसळल्यावर तापमान ६६-६७ अंशांवर स्थिरावतं, मग तासभर झाकण काढायचं नाही. दोन-तीन अंशांनीही फरक पडतो. ६३-६४ला आंबणारी साखर जास्त होते आणि बिअर हलकी, कोरडी उतरते. ६९च्या पुढे न आंबणारा अंश वाढतो आणि ती तोंडात भरीव लागते. तास संपत आला की बशीत चमचाभर रस घेऊन आयोडीनचा थेंब टाकते. काळानिळा रंग आला तर पिष्ट शिल्लक आहे. आयोडीन आपल्या मूळ तांबूस रंगातच राहिलं की साखर झाली. बशीतला रस अर्थात फेकून द्यायचा.

मग तोटी उघडायची. पहिला गढूळ रस पुन्हा वरून ओतायचा. टरफलांचा थर बसला की तो नितळ येऊ लागतो. उरलेली साखर ७५ अंशांच्या पाण्याने धुवून काढतात. पाणी त्याहून फार कढत असेल तर टरफलांचा तुरटपणा उतरतो. पुढे रस तासभर उकळतो, त्यात हॉप, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारं फूल, पडतं. मी बहुतेक वेळा कास्केड घालते. ही जात इथून फार लांब नसलेल्या कॉर्व्हालिसच्या संशोधनातून आली आणि १९७२ साली लागवडीसाठी खुली झाली.

बिअरच्या पुस्तकांचं सगळं लक्ष आता उकळीकडे जातं. मला घाई असते ती टबातल्या चोथ्याची. साखर निघून गेल्यामुळे, वाळवल्यावर त्यात सुमारे पाचवा हिस्सा प्रथिनं असतात आणि बाकी बराचसा तंतू. महाराष्ट्रातही बिअर कारखान्यांचा चोथा दुभत्या जनावरांना घालतात. पण तो पाणी पिऊन मूळ माल्टपेक्षा जड झालेला असतो, कोमट असतो, थोडी साखर अजून चिकटलेली असते. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी त्याच्याजवळ उभं राहवत नाही. म्हणून रस उकळत असतानाच वाटणी उरकावी लागते.

अमेरिकेत १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे घरगुती बिअरवरचा कर गेला. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत करता येते, विकता मात्र येत नाही. त्यामुळे इथला सगळा व्यवहार देवाणघेवाणीचा. शेजारीण कोंबड्यांसाठी बादलीभर चोथा नेते आणि अंडी आणून देते. निव्वळ चोथ्यावर कोंबड्या ठेवू नयेत. त्यांच्या रोजच्या खाद्यात तो थोडा मिसळलेलाच बरा.

माझा वाटा ओव्हनमध्ये जातो. पातळ पसरून, मंद आचेवर, मधूनमधून हलवत तो कुरकुरीत होईपर्यंत वाळवायचा. याला काही तास लागतात, आणि आत ओल राहिली तर बरणीत बुरशी धरते. मग दळायचा आणि चाळायचा. चाळणं टाळू नये, टरफलाचे कण घशात टोचतात. हे पीठ केकात, बिस्किटांतही घालतात, पण मला ते थालीपिठातच आवडतं: चार वाट्या भाजणीला एक वाटी, कांदा आणि ओवा जरा जास्त. ते पाणी खूप शोषतं, म्हणून भिजवल्यावर थोडा वेळ झाकून ठेवायचं आणि थापण्याआधी पुन्हा पाण्याचा हात लावायचा.

उरलेला चोथा कंपोस्टात जातो, तोही भरपूर वाळक्या पानांबरोबर. नुसता टाकला तर गोळा होऊन कुजतो. कुत्र्यांसाठीही त्याची बिस्किटं करतात. त्याला हरकत नाही, कारण हा चोथा हॉप पडण्याआधीचा असतो. हॉप कुत्र्यांना विषारी आहे. उकळीच्या भांड्याच्या तळाला बसलेला हॉपचा गाळ म्हणूनच मी कंपोस्टावर उघडा टाकत नाही. बंद पिशवीत घालून थेट कचऱ्यात देते.