खाकी गणवेशातले आयरिश राष्ट्रवादी

आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याची गोष्ट बहुतेकदा ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या १९१६ च्या सशस्त्र ईस्टर उठावापासून सांगितली जाते. त्या गोष्टीत पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातून लढलेला आयरिश माणूस एकतर फितूर ठरतो, नाहीतर जबरदस्तीने भरती केलेला. दोन्ही समज चुकीचे आहेत.

जबरदस्ती नव्हतीच. ब्रिटनमध्ये १९१६ साली सक्तीची लष्करभरती सुरू झाली, तेव्हा आयर्लंडला वगळलं होतं. एप्रिल १९१८ मध्ये ती लादायचा घाट घातला गेला, तेव्हा २३ तारखेला सार्वत्रिक संप झाला, चर्चही विरोधात उभं राहिलं आणि सक्ती कधीच अमलात आली नाही. तरीही सुमारे दोन लाख आयरिश पुरुष लढायला गेले.

मग फितुरी? टिळकांनीही बेळगावात ज्या नावाची लीग काढली, त्या होमरूलचा कायदा आयर्लंडसाठी सप्टेंबर १९१४ मध्ये मंजूर झाला, पण युद्ध संपेपर्यंत लांबणीवर टाकला गेला. दोनच दिवसांनी राष्ट्रवादी नेते जॉन रेडमंड यांनी वुडनब्रिजला ‘आयरिश व्हॉलंटियर्स’ या स्वयंसेवक संघटनेला युद्धात उतरण्याचं आवाहन केलं. आज साथ दिली तर उद्या ब्रिटनला शब्द फिरवता येणार नाही, हा त्यांचा हिशेब. तो पुढे साफ चुकला. पण हेतू स्वराज्याचाच होता. संघटना फुटली. सुमारे १ लाख ७० हजार जण रेडमंड यांच्या बाजूने गेले, जेमतेम ११ हजार विरोधात राहिले.

उठाव केला तो या छोट्या गटातल्या काहींनी, आणि तोही आपले प्रमुख ओन मॅकनील यांना अंधारात ठेवून. कळल्यावर मॅकनील यांनी उठावासाठी आडोसा म्हणून ठरवलेल्या कवायती रद्द केल्याची सूचना थेट वर्तमानपत्रात छापली. ‘शिन फेन’ पक्षाने तर उठाव आखलाच नव्हता. ते नाव सरकारने आणि वृत्तपत्रांनी चिकटवलं.

या काळाची खरी गुंतागुंत टॉम केटल यांच्या आयुष्यात दिसते. अर्थशास्त्राचे हे प्राध्यापक १९१४ मध्ये व्हॉलंटियर्ससाठी बंदुका विकत घ्यायला बेल्जियमला गेले होते. तिथे जर्मन आक्रमण डोळ्यांनी पाहिलं आणि ते ब्रिटिश सैन्यात दाखल झाले. ईस्टरच्या आठवड्यात त्यांचे साडू, शांततावादी फ्रान्सिस शीही-स्केफिंग्टन यांना एका ब्रिटिश अधिकाऱ्याने खटल्याविना गोळ्या घालायला लावल्या. तरीही केटल आघाडीवर गेले. ९ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये गिंची इथे ते पडले. त्यांचा देह सापडला नाही.

त्याच लढाईत अठरा वर्षांच्या एमेट डाल्टनने मिलिटरी क्रॉस मिळवला. युद्धानंतर तो ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मीमध्ये (आयआरए) गेला आणि तिचा प्रशिक्षणप्रमुख झाला.