सांध्यातील इंजेक्शन आणि बिलावरील संकेतांक



पेडणे व डिचोली महालांतील बरीच ज्येष्ठ मंडळी गुडघेदुखीसाठी सांध्यात इंजेक्शन घेतात आणि पुढे बिलाच्या परतफेडीत अडकतात. माझ्या थोरल्या भगिनीचा अर्ज मुलाच्या कार्यालयातून परत आला, तेव्हा या विषयाकडे माझे लक्ष गेले. बिलावर केवळ 'मिथाइलप्रेडनिसोलोन, 1 नग' एवढेच लिहिलेले होते.

या औषधाचे दोन प्रकार आहेत. ॲसिटेट (डेपो-मेड्रॉल) सांध्यात देतात व ते हळूहळू विरघळते. सोडियम सक्सिनेट (सोलू-मेड्रॉल) प्रामुख्याने शिरेतून देतात. क्षाराचे नाव गाळले की तपासणाऱ्यास काहीच कळत नाही. मिलिग्रॅममधील मात्राही हवीच, कारण 'एक नग' म्हणजे 40 की 80, हे बाटलीवरच ठरते.

मुलांकडे अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी ही बाब अधिकच काटेकोर आहे. तेथे 1 एप्रिल 2024 पासून ॲसिटेटसाठी जे1010 हा संकेतांक असून त्याचे एकक 1 मिलिग्रॅम आहे. म्हणजे 40 मिलिग्रॅमसाठी 40 एकके. त्यापूर्वीच्या जे1030 मध्ये तेवढ्याच मात्रेचे एकच एकक होई. जुन्या सवयीने 'एक' लिहिल्यास चाळिसाव्या हिश्शाचेच पैसे मिळणार! सक्सिनेटचा संकेतांक जे2919, एकक 5 मिलिग्रॅम. ट्रायॲमसिनोलोन ॲसिटोनाइड (आपल्याकडील केनाकॉर्ट) जे3301 खाली येते, एकक 10 मिलिग्रॅम. 40 साठी चार. गुडघ्यात वा खांद्यात सोनोग्राफीविना सुई टोचण्याच्या कृतीचा संकेतांक 20610 वेगळा लावावा लागतो.

आपल्याकडे औषधांना असे संकेतांक नाहीत. बिलावरील 3004 हा आकडा करासाठी असतो, त्यावरून औषध ओळखता येत नाही. आजाराचा संकेतांक मात्र येथेही विचारला जातो : गुडघ्याच्या झिजेचा एम17, आखडलेल्या खांद्याचा एम75.0.

गोवा शासनाची 2016 साली सुरू झालेली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना ठरावीक पॅकेजांवर चालते. तेव्हा बाह्यरुग्ण विभागातील इंजेक्शन तीत बसते का, हे आधी विचारून घ्यावे. मेडिक्लेम पॉलिसीतही बाह्यरुग्ण खर्च बहुधा वगळलेला असतो.

भगिनीचे बिल डॉक्टरांनी क्षार, मात्रा, बॅच क्रमांक व 'उजवा गुडघा' असे नमूद करून पुन्हा दिले आणि अर्ज मंजूर झाला. यास दोन महिने लागले. आपण हा तपशील रुग्णालयाची खिडकी सोडण्यापूर्वीच लिहून घ्यावा, ही विनंती.

— सचिव