सुरू संगणकातली स्वॅप फाइल का पुसता येत नाही?



अकोल्यातल्या आमच्या शाळेत २ जीबी रॅमचे जुने संगणक आहेत. मागच्या आठवड्यात नववीतला एक मुलगा म्हणाला, "सर, डिस्क भरलीय. ही पेजफाइल डॉट सिस नावाची भली मोठी फाइल सापडली, पण उडतच नाही!" लपवलेल्या फाइली दाखवायचा पर्याय त्याने स्वतःच शोधला होता. विंडोजने मात्र 'फाइल वापरात आहे' म्हणून नकार दिला होता.

त्याला मी फळ्यावरच समजावलं. फळा म्हणजे रॅम. फळा भरला की कोपऱ्यातलं गणित मी वहीत उतरवून ठेवतो, तिथे नवं लिहितो आणि लागलं की वहीतून परत आणतो. ती वही म्हणजे स्वॅप फाइल. आता मधल्या वेळेत कुणी वहीतला आकडा बदलला, तर? मी तोच चुकीचा आकडा फळ्यावर लिहीन. संगणकाचंही तसंच आहे. परत आलेला मजकूर आपलाच आहे का, हे तो सहसा तपासत नाही. चालू प्रोग्राम बंद पडतो किंवा, त्याहून वाईट, चुकीचं उत्तर देत राहतो.

लिनक्समध्ये 'स्वॅपऑन' केलं की फाइल डिस्कवर नेमकी कुठे कुठे आहे याची नोंद कर्नल करून ठेवतो आणि पुढे थेट त्याच जागी लिहितो. फाइल लहान केली आणि ती जागा दुसऱ्या फाइलला मिळाली, तर कुणाच्या तरी निकालपत्रकावर रॅममधला कचरा लिहिला जाईल! म्हणून वापरातल्या फाइलवर खूण केली जाते. मग ती पुसणं किंवा लहान करणं रूट वापरकर्त्यालाही जमत नाही.

गंमत म्हणजे, आत लिहायची वाट मात्र बरीच वर्षं उघडी होती. पुसता येत नाही, पण रूटला खाडाखोड करता येते, असा प्रकार. ती २०१९ मध्ये बंद केली. तेव्हा वेगळीच अडचण निघाली: हायबरनेशनचा एक प्रोग्राम स्वॅपमध्ये स्वतः लिहायचा, तोच अडला. २०२० मध्ये त्याच्यासाठी सवलत ठेवावी लागली.

वाचण्यापासूनही ही फाइल जपावी लागते, कारण रॅममधला पासवर्ड तिच्यात उतरलेला असू शकतो. म्हणून परवानगी ६०० ठेवतात: फक्त मालकाने वाचायचं, लिहायचं.

फाइलचा आकार बदलायचाच असेल तर आधी 'स्वॅपऑफ' करा. तेव्हा तिच्यातलं सगळं रॅममध्ये परत येतं. रॅम पुरली नाही तर ते फसतं, म्हणून आधी ब्राउझर बंद करा.

त्या मुलाची डिस्क शेवटी डाउनलोडचं फोल्डर आवरून मोकळी झाली. त्यात एकाच चित्रपटाच्या तीन प्रती होत्या.