टिनावरचे दगड

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि पाठोपाठ दसरा आला. ट्रॅक्टरवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर, साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा २८ वरून १८ वर. हे आकडे एव्हाना तोंडपाठ झाले आहेत. नवी गाडी रात्री उभी कुठे करायची, हे मात्र कुठल्याच जाहिरातीत नव्हतं. मुंबईत त्यासाठी सोसायटीच्या सचिवाचे उंबरठे झिजवतात. गडचिरोलीतल्या मुलचेऱ्यात नजर जाते ती घरामागच्या सांदवाडीकडे.

जागा असते. हातही असतात. गडचिरोली जिल्ह्यात बैलांचा कोठा, पुढची छपरी, उन्हाळ्यातला मांडव हे सारं घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून उभारायची रीत जुनी आहे. आपल्या हातानं शेड बांधायला इथे कुणाला नव्यानं शिकवावं लागत नाही. अडचण वेगळीच आहे. कोठा बांधणाऱ्या हातांना जे येतं, तेच गाडीच्या टिनाच्या शेडमध्ये फसवतं.

कवेलूचं छप्पर स्वतःच्या वजनानं बसतं. चौरस मीटरला ७० किलोच्या आसपास भार. दुहेरी थर असेल तर आणखी. शिवाय कवेलूंच्या फटींतून वारा निसटतो. टिनाचा पत्रा तेवढ्याच जागेत पाच किलोही भरत नाही आणि त्याला फट नसते. म्हणजे कवेलू पेलावे लागतात आणि टिना धरून ठेवावा लागतो. हा फरक ध्यानात न घेता जुन्याच पद्धतीनं बल्ल्या रोवायच्या, वर पत्रे टाकायचे आणि ते उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवायचे, असं चालतं. टिनावरचे हे दगड खेडोपाडी दिसतात. मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी आभाळ काळं होतं आणि पत्रा शेजाऱ्याच्या वावरात सापडतो. दगड कुठे पडतो, त्यावर पुढचं नुकसान ठरतं.

हिशेब करून पाहावा. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारासाठी भारतीय मानक आयएस ८७५ चा तिसरा भाग वापरतात. त्यात नागपूरसाठी मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. या वेगाचा वारा चौरस मीटरला साधारण ११८ किलोचा दाब देतो. ट्रॅक्टर मावेल अशा १२ बाय २० फुटांच्या शेडचं छप्पर सव्वाबावीस चौरस मीटरचं. उघड्या शेडमध्ये वारा खालून ढकलतो आणि वरून ओढतो. ढोबळमानानं पूर्ण दाब धरला, तर छप्पर उचलू पाहणारी ताकद सव्वीसशे किलोंवर जाते. सगळे पत्रे मिळून शंभरेक किलोंचे. त्यावर आठ-दहा दगड ठेवून काय होणार?

उत्तर जमिनीखाली आहे. सहा खांबांसाठी सहा खड्डे, प्रत्येक दीड बाय दीड फूट आणि अडीच फूट खोल. काँक्रीटनं भरला की एक खड्डा ३८० किलोंच्या आसपास जातो. सहा मिळून पावणेतेवीसशे. त्यात लोखंडी सांगाडा आणि पत्रे यांचं वजन मिळवलं की वाऱ्याची ओढ जवळजवळ फिटते. उरलेलं काम आजूबाजूची दाबून बसवलेली माती करते. मात्र पाइप नुसता काँक्रीटमध्ये खुपसून चालत नाही. त्याच्या तळाशी सळईचे आडवे तुकडे वेल्ड करावे लागतात, नाहीतर दाढ उपटावी तसा पाइप वर येतो. जमीन कन्हार असेल, तर पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ती काळी माती पार करून मुरूम लागेपर्यंत खणलेलं बरं. खरडी जमिनीत ही कटकट कमी.

आखणीला यंत्र लागत नाही. एका बाजूवर ३ फुटांची खूण, दुसरीवर ४ फुटांची. दोन खुणांमधलं अंतर नेमकं ५ फूट भरलं की कोपरा गुण्यात आला. खांबांची उंची पाण्यानं भरलेल्या पारदर्शक नळीनं जुळवायची. गवंड्यांची ही लेव्हल पाइप लेझरच्या जमान्यातही खोटं बोलत नाही. फक्त आत बुडबुडा राहता कामा नये. बारा फुटांच्या रुंदीला दोन फुटांचा उतार पुरतो. पत्रे टाकायला सुरुवात वाऱ्याच्या उलट टोकापासून करायची, म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याकडे येत नाही. रबरी वॉशरचे स्क्रू किंवा जे-बोल्ट पत्र्याच्या उंचवट्यावर बसवायचे, पन्हळीत नाही. कडांवर वाऱ्याची ओढ सर्वांत जास्त असते, तिथे ते दाट हवेत. नेमके याच ठिकाणी लोक स्क्रू वाचवतात.

आता करकपातीचा फायदा शेडला किती? सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आलं. मूळ भाव तोच धरला, तर चारशेची पिशवी ३६९ ला पडावी. सहा खड्डे आणि चार इंचांची फरशी मिळून वीसेक पिशव्या लागतात; म्हणजे बचत सहाशे-सव्वासहाशे रुपये. लोखंडी पाइप आणि पत्रा पूर्वीही १८ टक्क्यांत होता, आजही तिथेच आहे. तिकडे करापूर्वी सात लाखांच्या ट्रॅक्टरवर ४९ हजार वाचतात. सरकारनं गाडी स्वस्त केली, तिच्या डोक्यावरचं छप्पर फारसं नाही. वाचलेल्या ४९ हजारांतले काही खड्ड्यांत गाडले, तर तो पैसा सत्कारणी लागला असं समजायला हरकत नाही.

मग लाकूड का नको? अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये सागवान गेलं ते याच पट्ट्यातून, बल्लारपूरच्या आगारातून. पण दारातला साग दारासाठी तोडणं सोपं नाही. खासगी जमिनीवरची झाडं तोडण्यावर १९६४ च्या कायद्याचं नियंत्रण आहे, आदिवासींच्या मालकीची झाडं विकण्यासाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे आणि माल रस्त्यावर आला की वाहतूक परवाना लागतो. रानातून गुपचूप आणलेल्या बल्लीवर नवाकोरा ट्रॅक्टर उभा करणं हा तोट्याचा सौदा आहे.

बांबूची गोष्ट निराळी, आणि इथे थोडं रेंगाळायला हवं. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं बांबूला झाडांत गणलं होतं. वनक्षेत्राबाहेरच्या बांबूची त्या व्याख्येतून सुटका झाली ती थेट २०१७ मध्ये. वनातल्या बांबूचा झगडा याच जिल्ह्यात लढला गेला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबू विकायला वाहतूक परवाना कुणी द्यायचा हे अडून राहिलं. २७ एप्रिल २०११ ला तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं.

बांबू हे गरिबाचं लाकूड नव्हे, चांगलं इमारती साहित्य आहे, हे नागपूरचे वास्तुविशारद विनू काळे यांनी आयुष्यभर सांगितलं. ‘वेणूभारती’ हा त्यांचा ग्रंथ. सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी १९९० च्या दशकात मेळघाटातल्या लवादा इथे संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं आणि बांबूची घरं बांधून दाखवली. या लोकांच्या कामातून शेड बांधणाऱ्यानं उचलण्यासारखं पुष्कळ आहे. कोवळा बांबू तोडायचा नाही. तीन वर्षं जून झालेला हवा. तोड पावसाळ्यानंतरची, कारण हिवाळ्यात त्यातला गोडवा उतरलेला असतो आणि घुणाला खायला कमी मिळतं. दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवला तरी स्टार्च निघून जातो. बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात भिजवला तर आणखी टिकतो. हे द्रावण पावसानं धुपतं, म्हणून असा बांबू वळचणीच्या आतच वापरायचा आणि जमिनीत रोवायचा नाही, नाहीतर उधई लागलीच म्हणून समजा. इथला मानवेल बांबू जवळजवळ भरीव असतो, तरी खिळा ठोकला की चिरतो. आधी ड्रिल, मग बोल्ट, तोही पेराच्या गाठीजवळ.

तेव्हा मुलचेऱ्यासाठी शहाणपणाची जोडी अशी: सांगाडा लोखंडाचा, भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या. टिनाखालीही एक तट्टा हवा, मध्ये वीतभर हवा खेळती ठेवून. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यात चहूबाजूंनी टिना लावलेली शेड भट्टी होते. बॅटरी आणि रबराचे पाइप तिथे लवकर म्हातारे होतात. चारही भिंती टिनाच्या करण्याची सध्याची हौस दुकानदाराच्या सोयीची आहे, एवढंच म्हणता येईल.

शेड घराला चिकटून का नको, याचं उत्तर तणसीच्या ढिगात आहे. धान कापून झालं की तणीस घराजवळ रचली जाते. तापलेला सायलेन्सर, डिझेलचा कॅन आणि वाळली तणीस एका छपराखाली येऊ नयेत. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवलं की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वासही नसतो. तट्ट्याची भिंत इथेही उपयोगी पडते. आणि रिकामा कोपरा दिसला म्हणून त्यात मोहाची किंवा धानाची पोती टाकू नयेत. ओडिशातून छत्तीसगडमार्गे आलेले रानटी हत्ती ऑक्टोबर २०२१ पासून या जिल्ह्यात आहेत. मोहाचा वास लागला तर हत्तीसाठी तट्टाही सारखाच आणि सहा खड्ड्यांचं काँक्रीटही सारखंच.

कागद थोडकेच. मुलचेरा शहरात नगरपंचायतीकडे आणि गावांत ग्रामपंचायतीकडे खड्डे खणण्याआधी विचारायचं. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत एका मोटारीसाठी अडीच बाय पाच मीटर आणि दुचाकीसाठी एक बाय दोन मीटर जागा धरली आहे. ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडलेला असेल, तर हे माप विसरून दार आठ फूट रुंद ठेवावं लागतं.

काम सुरू करायचं ते धान घरात आलं की. खड्डे आणि काँक्रीट हिवाळ्यात, म्हणजे तराईला पाणीही असतं. सांगाडा होळीपर्यंत, पत्रे अवकाळी वाऱ्यांच्या आधी. मृगापूर्वी उरतं ते पन्हाळ. वर्षाला १३०० मिलिमीटर पाऊस धरला, तर एवढ्याशा छपरावरून २९ हजार लिटर पाणी उतरतं. पन्हाळ नसेल तर ते पाणी ओळीनं तीन खांबांच्या बुडाशी पडतं आणि काँक्रीटभोवतीची माती खणून काढतं. ट्रॅक्टरसोबत ट्रॉली १२ बाय २० मध्ये मावत नाहीच. ती बाहेर, वळचणीपासून दोन हात लांब, पुढचा भाग जरा उचलून उभी ठेवायची, म्हणजे तिच्यात पाणी साचत नाही.